गाठी कशा सुटल्या

1980 च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक नर्सिंग होममध्ये सकाळचं एक ठरलेलं काम असे. म्हाताऱ्या माणसांना अंथरुणातून उठवायचं, त्यांची तोंडं धुवायची, कपडे चढवायचे, चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि मग बांधायचं. बांधायची साधनं कॅटलॉगमधून मागवता येत. कमरेचे पट्टे असत. छातीवरून घेऊन पाठीमागे गाठ मारायची बिनबाह्यांची जाकिटं असत. मनगटांना बांधायच्या मऊ पट्ट्या, बोटं एकत्र कोंडून ठेवणारे जाड हातमोजे आणि समोरचा ट्रे एकदा अडकवला की बसलेल्याला काढता न येणारी आरामखुर्चीही असे. रात्री पलंगाचे दोन्ही बाजूंचे कठडे वर चढत. त्या काळातल्या पाहण्यांनुसार रहिवाशांपैकी सुमारे 40 टक्के माणसं दिवसातला काही ना काही वेळ अशी बांधलेली असत. 1985 मध्ये तिथल्या नर्सिंग होममध्ये साधारण 15 लाख लोक राहत होते. म्हणजे दररोज पाच लाखांहून अधिक म्हातारी माणसं बांधली जात होती, आणि त्यांतल्या कुणीही गुन्हा केलेला नव्हता.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत मात्र ते वृद्धांचं, बहुधा शेवटचं, राहण्याचं ठिकाण असतं. ज्यांना स्वतःहून आंघोळ करता येत नाही, जेवता येत नाही, ज्यांची स्मृती गेली आहे, अशी माणसं तिथं महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं राहतात. त्यांची देखभाल करणाऱ्यांत डॉक्टर क्वचित, परिचारिका थोड्या आणि आपल्या रुग्णालयांतल्या मावशींसारखं काम करणाऱ्या मदतनीस सगळ्यात जास्त.

या मदतनीस बायका क्रूर नव्हत्या. परिचारिकाही क्रूर नव्हत्या. म्हातारा माणूस मोकळा सोडला तर पडेल, पडला तर खुब्याचं हाड मोडेल, हाड मोडलं तर पुन्हा उठणार नाही, असंच त्यांना शिकवलेलं होतं. नाकातली नळी उपसून काढणारे हात बांधलेले बरे, रात्री दाराबाहेर भटकणारी आजी खुर्चीत सुरक्षित बरी, हेही त्याच शिकवणीत बसत होतं. मुलं-मुली संमतीपत्रावर सही करत, डॉक्टर चिठ्ठीवर 'गरजेनुसार' असं लिहून मोकळे होत. कुणी पडलं तर खटला होईल या धास्तीनं व्यवस्थापक रात्री झोपत नसत. बांधणं म्हणजे काळजी घेणं, ही समजूत सगळ्यांनी मनापासून धरली होती. दहा-पंधरा वर्षांत ती मोडून पडली. तिथल्या वृद्धांना हक्क कसे मिळाले, याची सगळी गोष्ट त्या पडझडीत सापडते.

ही घरं मुळात उभी कशी राहिली, हे त्यासाठी पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या निराधार म्हाताऱ्यांना काउंटीच्या गरीबखान्याखेरीज आसरा नव्हता. वेडे, व्यसनी, अपंग, अनाथ आणि वृद्ध असे सगळे तिथं एका छपराखाली कोंबलेले असत. गरीबखान्यात मरण येऊ नये, हीच पिढ्यान् पिढ्यांची इच्छा होती. 14 ऑगस्ट 1935 रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. गरजू वृद्धांच्या मदतीसाठी केंद्राचा पैसा राज्यांना मिळू लागला. पण सरकारी संस्थेत राहणाऱ्याला तो मिळणार नाही, अशी अट कायद्यात होती. गरीबखाने ओस पडावेत हाच तिचा उद्देश होता. झालंही तसंच. म्हातारी माणसं बाहेर पडली. मात्र ज्यांना शुश्रूषेची गरज होती त्यांना जायला घर नव्हतं. मग कुणी विधवा, कुणी निवृत्त परिचारिका आपल्या घराच्या चार खोल्यांत सहा-आठ म्हाताऱ्यांना भाड्यानं ठेवू लागली. सरकारी मदतीचा पैसा थेट घरमालकिणीच्या हाती पडू लागला. खासगी नर्सिंग होमच्या धंद्याचा उगम असा एका कल्याणकारी कायद्यातल्या अटीतून झाला.

पुढचं वळण 1954 चं. रुग्णालयं बांधायला अनुदान देणाऱ्या हिल-बर्टन कायद्यात दुरुस्ती होऊन तोच पैसा नर्सिंग होमसाठीही मिळू लागला. अनुदान रुग्णालयांच्या कायद्याखाली, म्हणून इमारतींचे आराखडेही रुग्णालयांचेच. लांब व्हरांडा, मधोमध परिचारिकांचं टेबल, दोन-दोन खाटांच्या खोल्या, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप. आठ दिवसांसाठी आलेल्या रुग्णाला ही शिस्त चालून जाते. इथं मात्र उरलेलं आयुष्य काढायला आलेल्या माणसांवर ती लादली गेली. रुग्णालयातली बांधण्याची सवयही याच वाटेनं आली. शस्त्रक्रियेनंतर भ्रमात असलेल्या रुग्णाला तिथं एक-दोन रात्री बांधत. नर्सिंग होममध्ये त्या एक-दोन रात्रींची वर्षं झाली.

सरकारला जाग आणली ती आगींनी. 17 फेब्रुवारी 1957 ला मिसूरी राज्यातल्या वॉरेंटन गावी एका जुन्या कॉलेजच्या इमारतीत थाटलेलं केटी जेन मेमोरियल होम रविवारी दुपारी पेटलं आणि 72 माणसं गेली. 23 नोव्हेंबर 1963 च्या पहाटे ओहायोतल्या फिचव्हिलजवळचं गोल्डन एज नर्सिंग होम जळालं. ती इमारत आधी खेळण्यांचा कारखाना होती. तिथं 63 माणसं मेली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे देशाचं लक्ष तिकडे गेलंही नाही. मृतांपैकी काहींना न्यायला कुणीच आलं नाही, म्हणून जवळच्या नॉरवॉक गावच्या दफनभूमीत त्यांना एकत्र पुरलं. अशा दुर्घटनांनंतर नियम कडक झाले. पाण्याचे फवारे, दरवाजांची रुंदी, बाहेर पडायच्या वाटा हे सगळं तपासलं जाऊ लागलं. याची नितांत गरज होती. पण यातून तपासणीची एक घडी बसून गेली. निरीक्षक येत, व्हरांडा मोजत, नोंदवह्या चाळत आणि निघून जात. खोलीतल्या माणसाशी बोलणं त्यांच्या कामात बसतच नव्हतं.

30 जुलै 1965 रोजी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांवर लिंडन जॉन्सन यांची सही झाली आणि या धंद्यात पैशाचा पूर आला. गरीब वृद्धांचा नर्सिंग होमचा खर्च आता सरकार भरणार होतं. हॉटेलं चालवणारे, जमिनींचे दलाल, बांधकाम कंत्राटदार या क्षेत्रात उतरले. नर्सिंग होमच्या साखळ्यांचे शेअर वॉल स्ट्रीटवर चढ्या भावानं विकले जाऊ लागले. 1963 नंतरच्या दहा वर्षांत रहिवाशांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. खाटेमागे सरकारकडून मिळणारी रक्कम ठरलेली असल्यामुळे नफा वाढवायचा सोपा मार्ग एकच उरला: माणसं कमी ठेवणं. एका मदतनिसीच्या वाट्याला पंधरा-वीस म्हातारी माणसं आली, की त्यातल्या निम्म्यांना बांधल्याशिवाय तिची पाळी निभत नसे.

आर्कान्सॉचे तरुण खासदार डेव्हिड प्रायर यांना हे कागदावरून कळणार नाही असं वाटलं. शनिवार-रविवारी ते वॉशिंग्टनच्या आसपासच्या नर्सिंग होममध्ये, आपण कोण हे न सांगता, स्वयंसेवक मदतनीस म्हणून राबू लागले. विष्ठेत पडलेली माणसं, बांधलेली माणसं, गोळ्या देऊन गुंगवलेली माणसं त्यांनी पाहिली आणि 1970 मध्ये सभागृहात उभं राहून सांगितली. वृद्धांच्या प्रश्नांसाठी समिती नेमा, ही त्यांची मागणी प्रतिनिधी सभेनं मानली नाही, बसायला जागाही दिली नाही. मग प्रायर यांनी कॅपिटॉलजवळच्या एका पेट्रोल पंपावर ट्रेलर उभे केले आणि स्वयंसेवकांना घेऊन तिथूनच चौकशी चालवली. देशभरातून पत्रं येऊ लागली. त्याच वर्षी ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांच्या गटातर्फे कनेक्टिकटमधल्या मिस पोर्टर्स स्कूलच्या काही मुली आणि त्यांची एक शिक्षिका नर्सिंग होममध्ये कामाला राहिल्या. जे दिसलं ते त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्षीत मांडलं. खासदार आणि शाळकरी मुली यांच्या सांगण्यात फरक नव्हता, कारण दोघांनी एकाच बाजूनं, मळलेल्या चादरी बदलताना, ही घरं पाहिली होती.

यानंतर सरकार हललं. निक्सन यांच्या कारकिर्दीत 1972 मध्ये काही राज्यांत लोकपाल नेमण्याचा प्रयोग झाला. या लोकपालानं नर्सिंग होममध्ये जायचं, रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांच्या बाजूनं भांडायचं, असं ठरलं. 1978 मध्ये प्रत्येक राज्याला असा लोकपाल नेमणं बंधनकारक झालं. निरीक्षक सरकारचा होता, व्यवस्थापक मालकाचा. ज्याला फक्त रहिवाशाचा म्हणता येईल असा माणूस पहिल्यांदाच दारातून आत आला. 1974 मध्ये रहिवाशांच्या हक्कांची यादी केंद्रीय नियमांत आली. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय कुणालाही बांधू नये, आणि आदेशही ठरावीक काळापुरताच असावा, हे त्यात स्पष्ट होतं. पण तो आदेश मिळवणं म्हणजे एक सही होती, आणि सह्या मिळत राहिल्या. नियम छापला गेल्यावरही पुढची पंधरा वर्षं लाखो माणसं बांधलेलीच राहिली.

याच काळात रस्त्यावरही चळवळ सुरू झाली. पासष्ट वर्षांची झाली म्हणून चर्चच्या नोकरीतून सक्तीनं निवृत्त केल्या गेलेल्या मॅगी कुन यांनी 1970 मध्ये 'ग्रे पँथर्स' ही संघटना काढली. तिच्या नर्सिंग होमविषयक कामातून पुढे आलेल्या एल्मा होल्डर यांनी 1975 मध्ये देशभरातले नागरिकांचे छोटे छोटे गट एकत्र बांधले. नातेवाईक, लोकपाल, परिचारिका आणि स्वतः रहिवासी अशी ती आघाडी होती. होल्डर यांनी एक साधी गोष्ट केली, जी त्याआधी कुणी मोठ्या प्रमाणावर केली नव्हती. चांगली काळजी म्हणजे काय, हे त्यांनी राहणाऱ्यांनाच विचारलं. 1985 च्या त्या अभ्यासात 15 शहरांतल्या साडेचारशेहून अधिक रहिवाशांशी गटागटानं बोलणं झालं. तज्ज्ञांना वाटत होतं, लोक औषधोपचारांविषयी बोलतील. लोक बोलले ते मदतनिसींच्या वागण्याविषयी. ती दार वाजवून आत येते का, नाव घेऊन बोलते का, घाईनं ओढत नाही ना. किती वाजता उठायचं, काय खायचं, खोलीत सोबत कोण असावं, हे आपल्याला ठरवू द्या, असं त्यांचं मागणं होतं.

न्यायालयातही दार ठोठावलं गेलं. कोलोरॅडोतल्या काही रहिवाशांनी 1975 मध्ये दावा लावला. सरकार घराची केवळ कागदावरची क्षमता तपासतं, प्रत्यक्ष सेवा मिळते की नाही हे पाहतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. 1984 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं ती मान्य केली. पैसा देणाऱ्या सरकारवर सेवेचा दर्जा पाहण्याची जबाबदारी आहे, असा निकाल दिला. तोवर रेगन सरकारनं या घरांवरचे नियम आणखी सैल करण्याचा प्रस्ताव आणलेला होता. विरोध इतका झाला की संसदेनं तो अडवला आणि प्रश्न इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेकडे सोपवला. डॉ. सिडनी कॅट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 1986 मध्ये अहवाल दिला. होल्डर यांनी रहिवाशांच्या तोंडून गोळा केलेलं म्हणणं त्या समितीपुढे होतंच.

22 डिसेंबर 1987 रोजी रेगन यांनीच सही केलेल्या एका लठ्ठ अर्थसंकल्पीय कायद्याच्या पोटात नर्सिंग होम सुधारणेची कलमं होती. माणसाची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक क्षमता शक्य तितकी राखणं हे घराचं कर्तव्य ठरलं. मदतनिसींना किमान 75 तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. प्रत्येक रहिवाशाची पद्धतशीर पाहणी करून त्याच्यापुरता आराखडा करायचा होता. निरीक्षकांनी न सांगता यायचं आणि रहिवाशांशी बोलायचं, हेही ठरलं. खासगीपणा, पाहुण्यांना भेटणं, आपला डॉक्टर निवडणं, आपसांत परिषद भरवणं हे हक्क झाले. आणि शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही पट्ट्यानं अथवा औषधानं जखडता येणार नाही, असं कलम आलं. अंमल 1 ऑक्टोबर 1990 पासून होता. मालकांच्या संघटनांचा सवाल होता: बांधायचं नाही, तर पडू द्यायचं का?

त्याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअर गावाजवळ सतरा वर्षं आधीपासून तयार होतं. तिथं क्वेकर पंथीयांनी 1973 मध्ये केंडल ॲट लाँगवुड ही वृद्धांची वसाहत सुरू केली आणि पहिल्या दिवसापासून कुणालाही बांधायचं नाही असं ठरवलं. क्वेकरांना हा विचार नवा नव्हता. याच पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी 1796 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथं मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडलं तेव्हा साखळदंड दाराबाहेर ठेवले होते. केंडलमध्ये माणसं पडत, पण इतरत्र पडत तितकीच. जिल ब्लेकस्ली यांच्यासारख्या तिथल्या परिचारिकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की आपण काही जगावेगळं करत नाही. इतर घरांतल्या परिचारिका भेटायला आल्या आणि सगळी माणसं मोकळी बसलेली पाहून चकित झाल्या, तेव्हा त्यांना आपलं वेगळेपण कळलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या समाजसेविका कार्टर विल्यम्स यांना हेच स्वीडनमध्ये दिसलं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या परिचर्येच्या प्राध्यापिकांनी ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातली वृद्धांची रुग्णालयं पाहिली आणि उपलब्ध संशोधन एकत्र करून 1989 मध्ये मांडलं. बांधल्यानं माणूस वाचतो, याला कुठेच पुरावा नव्हता. 4 डिसेंबर 1989 रोजी सिनेटच्या वृद्धविषयक समितीनं केंडलसोबत एक परिषद भरवली. वृद्धांच्या गाठी सोडा, हेच तिचं घोषवाक्य होतं. समितीचे अध्यक्ष होते डेव्हिड प्रायर. पेट्रोल पंपावरच्या ट्रेलरमध्ये बसून चौकशी करणारा खासदार आता सिनेटर झाला होता.

पुरावे पाठोपाठ येत गेले. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कनेक्टिकटमधल्या 12 नर्सिंग होममधल्या 397 रहिवाशांवर वर्षभर नजर ठेवली. 1992 मध्ये आलेला निष्कर्ष धक्कादायक होता: न बांधलेल्यांपैकी 5 टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली, बांधलेल्यांपैकी 17 टक्क्यांना. आजारपणातला फरक हिशेबात धरूनही बांधण्याचा धोका उरलाच. कारण समजायला कठीण नाही. खुर्चीत जखडलेल्या माणसाचे स्नायू काही आठवड्यांत सुकतात, तोल जातो, सांधे आखडतात. मग पट्टा सुटेल त्या दिवशी तो पहिल्याच पावलाला कोसळतो. बसून बसून पाठीला आणि नितंबांना जखमा होतात. स्वच्छतागृहात जाता येत नाही म्हणून लघवीवरचा ताबा सुटतो, आणि तो सुटला की डायपर येतो. सोडवून घ्यायची धडपड केली की 'आक्रमक' असा शेरा बसतो आणि पट्टा आणखी आवळला जातो. त्याच वर्षी मिनेसोटाचे डॉ. स्टीव्हन माइल्स आणि त्यांच्या सहलेखकानं बंधनांमुळेच झालेल्या 122 मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. खुर्चीतून किंवा पलंगावरून घसरलेली माणसं छातीवरच्या पट्ट्यात लटकून गुदमरली होती. ज्यांना पडू नये म्हणून बांधलं, ती त्या बांधण्यानंच मेली.

खर्चाचा मुद्दाही टिकला नाही. 1993 मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बांधलेल्या माणसाच्या देखभालीला वेळ अधिक लागतो. त्याला ठरल्या वेळी सोडायचं, फिरवायचं, पुन्हा बांधायचं, शिवाय जखमांची मलमपट्टी करायची. 1997 मध्ये इव्हान्स आणि स्ट्रम्फ यांनी तीन घरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका घरात कर्मचाऱ्यांना शिक्षण आणि जोडीला एका अनुभवी परिचारिकेचा नियमित सल्ला मिळाला. तिथं बंधनं लक्षणीय कमी झाली, आणि त्यासाठी जास्त माणसं लागली नाहीत, जास्त गोळ्या लागल्या नाहीत, गंभीर इजाही वाढल्या नाहीत.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचं होतं. पट्टा काढायच्या आधी मदतनिसीला एक प्रश्न विचारायला शिकवलं जाई: ही बाई उठते कशासाठी? उत्तर बहुतेक वेळा साधं निघे. तिला लघवीला जायचं असतं. तिची कंबर दुखत असते. दुपारी तीनला ती अस्वस्थ होते, कारण आयुष्यभर त्या वेळी तिची मुलं शाळेतून घरी यायची. खुर्ची उंच असते आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. मग वेळ बघून स्वच्छतागृहात नेणं सुरू झालं, दुखण्यावर औषध मिळू लागलं. पलंगांची उंची कमी केली. घसरू नये म्हणून गाद्यांचे आकार बदलले, पायांत नीट बसणारे बूट आले, रात्री मंद दिवे लागले, भटकणाऱ्यांसाठी बागेतून गोल फिरून परत येणारी वाट आखली गेली. बांधलेल्या माणसाविषयी काही माहीत असण्याची गरज नव्हती. मोकळ्या माणसाला ओळखावं लागलं.

आकडे खाली येत गेले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस साधारण दहातला एक रहिवासी बांधलेला असे. पुढच्या दशकात ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं आणि आता ते शंभरात एकाहूनही कमी आहे. इतकी रुळलेली प्रथा इतक्या लवकर जवळजवळ नाहीशी झाल्याची उदाहरणं वैद्यकाच्या इतिहासात थोडी आहेत.

गाठी सुटल्यावर पुढचा प्रश्न आला. मोकळ्या झालेल्या माणसानं दिवसभर करायचं काय? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिनच्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये बिल थॉमस या तरुण डॉक्टरनं दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणून सोडले. झाडं लावली, मुलांची ये-जा सुरू केली. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता या तीन गोष्टी माणसाला मारतात, असं त्यांचं निदान होतं. जगभरच्या वाचकांपर्यंत ही हकीकत पोहोचवली ती अतुल गवांदे या मराठी घरातल्या शल्यविशारदानं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. आजोबा तिथं भरल्या घरात शंभरी ओलांडून जगले. 2014 च्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात गवांदे यांनी आजोबांचं म्हातारपण आणि अमेरिकेतलं नर्सिंग होम शेजारी ठेवून पाहिलं. भरल्या घरातल्या त्या म्हातारपणाचा भार कुटुंबातल्या तरुणांवर कसा पडतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

पण पट्टे कॅटलॉगमधून गेले तरी माणसं कमी ठेवण्यातला नफा गेला नव्हता, आणि बंधनानं रूप बदललं. 1987 च्या कायद्यानंतर मनोविकारांवरच्या औषधांचा वापर आधी घटला. मग नवी औषधं बाजारात आली आणि तो पुन्हा चढला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा औषध प्रशासनानं 2005 मध्ये दिला. तरी 2011 मध्ये जवळजवळ चौथा हिस्सा रहिवासी ती घेत होते. 2012 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आल्याचं जाहीर झालं. मात्र ज्या आजारासाठी ही औषधं मुळात असतात त्या स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या मोजणीतून वगळलेले होते. 2021 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं आकडेवारी तपासली तेव्हा दर नऊ रहिवाशांत एकावर त्या आजाराचा शिक्का असल्याचं दिसलं. स्किझोफ्रेनिया बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. सत्तरी-ऐंशीतल्या इतक्या माणसांना तो अचानक होत नाही. 2023 पासून सरकार या निदानांची उलटतपासणी करू लागलं.

पलंगात बसवलेल्या घंटांचंही तसंच झालं. माणूस जरा हलला की त्या वाजत. आवाजाच्या भीतीनं म्हातारी माणसं कूसही बदलेनाशी झाली. 2017 पासून निरीक्षकांच्या मार्गदर्शिकेत अशा घंटाही बंधन ठरू शकतात, असं नमूद आहे.

औषधांच्या याच प्रश्नावरून इंडियानातलं एक कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सरकारी मालकीच्या नर्सिंग होममध्ये सहा जबर औषधं देऊन निपचित केलं आणि न सांगता दुसरीकडे हलवलं, असा त्यांचा आरोप होता. 1987 चा कायदा सरकारी अनुदानाच्या अटी सांगतो, रहिवाशाला दावा लावायचा अधिकार देत नाही, असा घर चालवणाऱ्या मंडळाचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला असता तर गरिबांच्या इतर अनेक योजनांमधले हक्कही न्यायालयाबाहेर गेले असते. 8 जून 2023 रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमतानं न्यायालयानं तो फेटाळला. गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या संरक्षणासाठी 1871 मध्ये केलेल्या नागरी हक्क कायद्याखाली सरकारी नर्सिंग होमच्या रहिवाशालाही दाद मागता येते, असा निकाल न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिला. ज्यांच्यासाठी खटला उभा राहिला ते वडील मात्र तोवर वारले होते.

मधल्या काळात कोविडची महासाथ येऊन गेली. मार्च 2020 मध्ये नर्सिंग होमची दारं बंद झाली, नातेवाईकांना आणि लोकपालांनाही. पुढच्या दोन वर्षांत दोन लाखांहून अधिक रहिवासी आणि कर्मचारी गेले. कित्येकांनी शेवटचे महिने एका खोलीत, ओळखीचा चेहरा न पाहता काढले. पट्टा नव्हता, पण त्यांना हलता येत नव्हतं. अपुऱ्या मनुष्यबळाचा जुना प्रश्न पुन्हा सगळ्यांसमोर आला. एप्रिल 2024 मध्ये केंद्रानं पहिल्यांदाच किमान आकडा ठरवला: प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला 3.48 तासांची सेवा आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका. एवढी माणसं मिळत नाहीत आणि पैसा नाही, असं म्हणत मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयानं तो नियम रद्द केला आणि जुलैमधल्या नव्या कायद्यानं त्याची अंमलबजावणी 2034 पर्यंत रोखली. 1970 मध्ये सिनेटपुढे साक्ष द्यायला गेलेल्या त्या शाळकरी मुलींची पिढी तोवर ऐंशी ओलांडेल. रात्रपाळीला त्यांच्या वाट्याला किती मदतनिसी याव्यात, याची केंद्रीय कायद्यात आजही लेखी संख्या नाही. ती लिहून घेण्यासाठी होल्डर यांच्या संघटनेचे वारसदार, लोकपाल आणि रहिवाशांची मुलं-मुली पुन्हा वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारत आहेत.